चार बाटल्या, एक हिरडा आणि ठकूमावशीचा हात

लोणावळ्याला जाताना बॅगेत कुठली औषधं घ्यावीत, असं मला कुणी विचारलं की मी उलट विचारते, "आधी सांग, आत्ता तुला काय काय आणि कोण कोण देतंय?" माणसं हसतात. हसू देत. ज्या प्रवासामुळे मी हा प्रश्न विचारायला शिकले तो आज सांगते, म्हणजे मावळात जायचा बेत करणाऱ्यांना वाटही कळेल आणि पोटाचं काय करायचं तेही.

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. मी वीस वर्षांची होते, पुण्यात पेठेत राहत होते आणि टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीसाठी निवडली गेले होते. परीक्षा झाली, मुलाखत झाली, आवाजही पसंत पडला. अडलं कुठं, तर वैद्यकीय तपासणीत. वजन कमीत कमी एक्केचाळीस किलो हवं आणि काट्यावर मी भरले एकोणचाळीस. पावसाळ्यात विषमज्वरानं मला पार पिळून काढलं होतं. डॉक्टर भले होते. "दहा दिवसांनी पुन्हा या. तेव्हाही भरलं नाही, तर यादीतल्या पुढच्या मुलीला बोलवावं लागेल," म्हणाले.

ती पुढची मुलगी माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. वडील निवृत्त झालेले, धाकटे दोघे शाळेत. नोकरी गेली तर माझं कॉलेजही तिथंच थांबणार होतं, हे घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं, म्हणून जास्तच ऐकू येत होतं.

मग कमलआत्यानं फर्मान काढलं. कमलआत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, लग्नाच्या भानगडीत पडली नव्हती आणि तिच्यापुढे आमच्या घरात कुणाची टाप नव्हती. "नाताळची सुट्टी आहे. सुमीला मी मावळात नेते. चार दिवस उर्शाला, मग लोणावळ्याला. हवापालट झाला की पोट सुधारेल, पोट सुधारलं की वजन."

पोट! हाच तर माझा रोग होता. ताप उतरल्यापासून अन्न अंगी लागतच नव्हतं. खाल्लं की धावा. ते सुधारावं म्हणून सगळ्यांनी कंबर कसली होती. सकाळी मोठ्या काकूचं चूर्ण कोमट पाण्यातून. दुपारी समोरच्या बिऱ्हाडातल्या नानांचं, "पोट साफ तर राहिलं पाहिजे," असं बजावून दिलेलं. संध्याकाळी कमलआत्याचं, गुळात वळलेल्या गोळ्या. शिवाय डॉक्टरांनी लिहून दिलेलं जीवनसत्त्वांचं लालभडक औषध, ते जेवणानंतर दोन चमचे. हा सगळा दवाखाना बिस्किटांच्या एका चौकोनी पत्र्याच्या डब्यात बसवला, मध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, आणि डबा मांडीवर घेऊन मी पुणे स्टेशनवर पॅसेंजरमध्ये बसले.

प्रवासात औषधांचा डबा कधी उघडू नये, निदान गाडीच्या भरल्या डब्यात तरी नाही. खडकी गेल्यावर मी नानांचं चूर्ण काढलं मात्र, समोरच्या बाकावरचे धोतरवाले गृहस्थ पुढे सरकले. "पित्त की वात?" मी काही बोलायच्या आत त्यांच्या शेजारणीनं, "वातच असणार, चेहरा बघा की," असं निदान केलं. चिंचवडपर्यंत अख्ख्या डब्यातल्या आतड्यांची चौकशी झाली. एकानं अंजीर सांगितलं, एकीनं उपास, आणि धोतरवाल्यांनी तळेगाव यायच्या आत खिशातून एक पुडी काढून माझ्या हातात कोंबली. "जेवणानंतर. घ्याच. आमच्या पाहुण्यांना लागू पडलंय." पुण्याला चढले तेव्हा माझ्याकडं तीन चूर्णं होती, तळेगावला उतरले तेव्हा चार.

तिकिटाला किती पडले ते आता आठवत नाही, रुपया मोडून सुटे परत मिळाले होते एवढं खरं. स्टेशनाबाहेर आबा बैलगाडी घेऊन उभे होते. आबा हे उर्शाचे शेतकरी. त्यांची लेक शाळेसाठी दोन वर्षं कमलआत्याकडं राहिली होती, म्हणून त्यांना आत्या म्हणजे देवच. सोमाटण्यावरून, परंदवडीवरून तासा-दीड तासाचा कच्चा रस्ता. आज तिथून टोलनाक्याला न थांबता पुढं जाता येत नाही, तेव्हा थांबायचो ते बैलांना पाणी पाजायला. भात कापून झालेलं होतं, खाचरं रिकामी, हवेत पेंढ्याचा गोडसर वास आणि ऊन असं कोवळं की मी आपली स्वेटरची बटणं लावत आणि काढत बसले.

आबांच्या घरी जेवायला आंबेमोहोराचा भात, पावट्याची आमटी, नाचणीची भाकरी. मी दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. आबांचा चेहरा पडला. "बाई, पोरीला आमचं जेवान ग्वाड लागंना व्हय?"

"तसं नाही आबा, तिचं पोट नाजूक आहे," आत्या म्हणाली आणि मला गुळाची गोळी दिली.

दुसऱ्या दिवसाची सकाळ मी जन्मात विसरणार नाही. खेड्यात तेव्हा संडास नव्हते, टमरेल घेऊन ओढ्याच्या पलीकडं जायचं. आणि ओढ्याची वाट आबांच्या खळ्याला लागून. खळ्यावर भाताची झोडणी उरकत आली होती, सात-आठ बायका पेंढ्या आपटत होत्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा कुणी बघितलं नाही. दुसऱ्यांदा दोघीजणी हसल्या. तिसऱ्यांदा मात्र एक काळीसावळी, काटक बाई हातातली पेंढी तशीच धरून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "तिसरी खेप! आगं ए पोरी, जेवलीस कदी आन चाललीस काय घेऊन?"

धरणी दुभंगावी असं झालं मला.

ही ठकूमावशी. लोणावळ्याच्या वर राजमाचीच्या वाटेला तिची वाडी. झोडणीच्या दिवसांत ती मजुरीला खाली यायची, एरवी रानातला हिरडा गोळा करून व्यापाऱ्याला विकायची. परत येताना तिनं मला अडवलं, पेंढी खाली टाकली, आणि काही कळायच्या आत माझ्या कमरेला दोन्ही हातांचा विळखा घालून मला जमिनीवरून उचललं! पोतं उचलतात ना, अगदी तसं. क्षणभर तोललं आणि खाली ठेवलं.

"मण आन दोन शेर," ती बायकांना म्हणाली. "येवढ्या उंचीच्या पोरीला काय शोभतंय का?"

कमलआत्या मागून तणतणत आलीच होती. "अहो, हे काय? माणसाला असं उचलतात?"

"वजन बगितलं बाई."

"उचलून? वजन काट्यावर करतात. किलोमध्ये."

"काटा व्यापाऱ्याचा असतोय. हात माजा हाय," ठकूमावशी शांतपणे म्हणाली. "हिरड्याचं पोतं घरीच उचलून बगती. मंग त्यो म्हनतो तीस शेर, म्या म्हनती तेहतीस. पुन्ना मोजतो, तेहतीसच भरत्यात."

आत्यानं पर्समधून पेन्सिल काढली. तिचा तो स्वभावच. मण म्हणजे सदतीस किलो आणि थोडं वर, शेर म्हणजे किलोला थोडा कमी. पाकिटाच्या मागं तिनं आकडे मांडले, बेरीज केली. मी वाकून बघितलं. एकोणचाळीस किलो. सरकारी काट्यावर भरले होते तेवढंच, तंतोतंत.

मग आत्याचा आवाजच बदलला. खळ्याच्या कडेला बसून तिनं ठकूमावशीला सगळं सांगितलं, तपासणी, एक्केचाळीस किलो, यादीतली पुढची मुलगी. ठकूमावशी ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "आन ही खाती काय त्ये दावा."

मी पत्र्याचा डबा आणला. तिनं काकूची बाटली उघडली, वास घेतला, चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकली. "हिरडा." नानांची बाटली. वास, चिमूट, थू. "ह्यात बी हिरडा. जरा सुंठ हाय, पर हिरडाच." आत्याच्या गोळ्यांतली एक फोडली. "ह्यो तर निस्ता हिरडा, वरनं गूळ फासलाय." तिनं आमच्याकडं असं बघितलं की मी आणि आत्या दोघी शाळेत उभ्या केल्यासारख्या झालो. "सकाळी हिरडा, दुपारी हिरडा, सांजला हिरडा! आगं, बैल बी उबा ऱ्हायचा न्हाई. हिच्या पोटात काय टिकंल?"

"पण पोट साफ..." मी म्हणाले.

"साफच झालंय की! झाडून पुसून ठिवलंय नुसतं. आता कायतरी ऱ्हाऊ दे तितं." आणि मग तिला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी. "आमचाच हिरडा गं ह्यो. म्या डोंगरात येचला, पुन्याला ग्येला, बाटलीत बसून परत आला, आन ह्या पोरीला पळवतोय!" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले, काय करणार!

आत्या हसली नाही. तिचे कान लाल झाले होते. "तिघांनी एकच गोष्ट दिली. मी गणित शिकवते आणि एक अधिक एक अधिक एक मला दिसलं नाही." मला तिची इतकी दया आली. प्रत्येकानं मायेनंच दिलं होतं हो. फक्त दुसरा काय देतोय हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

गाडीतल्या पुडीत ओवा, सुंठ आणि सैंधव निघालं. "ही ऱ्हाऊ दे, पोट फुगलं तर चिमूटभर." लाल बाटलीचा वास घेऊन मावशीनं मान हलवली. "ह्ये मला कळत न्हाई. डागदरानं दिलंय ना? मंग घे." मला हे फार आवडलं. जे ठाऊक नाही त्यात ती बोट घालत नव्हती. आजही मी सांगते, डॉक्टरांचं औषध आपल्या मनानं बंद करू नका, पण बाकी जे जे गिळता त्याच्या बाटल्या एकदा शेजारी शेजारी मांडा आणि आत काय आहे ते वाचा.

तर हिरडा बंद. पहिला दिवस नाचणीची पेज आणि ताक, चिमूटभर मीठ घालून. दुसऱ्या दिवशी मऊ भात. आणि त्या दुसऱ्या दिवशी मी ओढ्याकडं गेलेच नाही. एकदाही नाही! घाबरून खळ्यावर धावले. "मावशी, आज काहीच झालं नाही!"

"व्हईल की. दुकानात माल आला तर इकशील ना!"

तिसऱ्या दिवशी सकाळी झालं, एकदाच, आणि खळ्यावरच्या बायकांनी मला येताना बघून पेंढ्या उंच करून जयजयकार केला. लाज कोळून प्यायले होते मी तोवर. त्या दिवशी आबांकडं कुळथाचं पिठलं आणि दीड भाकरी खाल्ली. आबा दारात येऊन उगीचच खाकरले, पण तोंडभर हसत होते.

चौथ्या दिवशी झोडणी संपली. ठकूमावशी घरी निघाली आणि आम्हीही, एकाच गाडीनं लोणावळ्याला. आत्याच्या शाळेतल्या बाईंच्या ओळखीनं बाजारापाशी एक खोली मिळाली होती, पुढं व्हरांडा, मागं विहीर. लोणावळा तेव्हा थंडीत निवांत असायचं. सकाळी धुकं व्हरांड्यात शिरायचं, आठ वाजता उन्हात खुर्ची टाकून बसायचं, दहाला तुंगार्लीच्या धरणापर्यंत चालायचं. पहिल्या दिवशी मी अर्ध्या वाटेत बसकण मारली. तिसऱ्या दिवशी भिंतीपर्यंत गेले आणि परत येताना भूक भूक करत आत्याचा जीव खाल्ला. तुम्ही गेलात तर सकाळी लवकर जा. पाणी उकळून घेऊन जा, तेव्हाही आम्ही तेच करायचो. आणि चिक्की पोटभर खाऊ नका, जेवल्यावर एक तुकडा पुरे. मी तीन खाल्ले होते आणि ओव्याची पुडी तेव्हा कामाला आली.

एक दिवस ठकूमावशीच्या वाडीवर गेलो. तुंगार्लीच्या पुढं रानातली वाट, सुकं गवत गुडघ्याएवढं, मध्येच दरीतून वर येणारा गार वारा. आठ-दहा घरं, कुडाच्या भिंती शेणानं सारवलेल्या, अंगणं लख्ख. तिच्या घराच्या कोपऱ्यात हिरड्याचं पोतं होतं. मी हौसेनं ते उचलायला गेले तर ते हललंच नाही आणि मी मात्र त्याच्यावर पडले. मावशीनं चुलीवर वरईचा भात टाकला. लाल औषध जेवणानंतर घ्यायचं म्हणून पत्र्याचा डबा मी बरोबर आणला होता; जेवताना तिनं त्याच्याकडं बोट केलं. "त्या बाटल्या रिकाम्या झाल्या की मला दिशील? काचंच्या हायेत, बूच हाय. त्याल ठिवायला ब्येस." मी तिथंच तिन्ही रिकाम्या करायला निघाले, पण आत्यानं हात धरला. "चूर्ण फेकायचं नाही. काकू विचारेल."

निघायचा दिवस. लोणावळ्याच्या फलाटावर वजनाचं यंत्र होतं, नाणं टाकलं की छापील तिकीट पडायचं, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. मी त्यावर उभी राहिले. खट्. तिकीट उलटं पडलं. भविष्य होतं, 'धीर धरा, यश मिळेल.' सरळ केलं. चाळीस.

आत्यानं दुसरं नाणं टाकलं. चाळीस. भविष्य मात्र बदललं, प्रवासाचा योग.

दोन दिवसांनी तपासणी. मी बाकावर बसले आणि मला रडू फुटलं. एवढं सगळं करून एका किलोनं राहावं! ठकूमावशी आम्हाला पोहोचवायला डोंगर उतरून आली होती. तिला आत्यानं आकडा सांगितला. मावशीनं यंत्राकडं खालून वर बघितलं, माझ्याकडं आली आणि भर फलाटावर, हमालांच्या, टीसीच्या आणि निदान वीस प्रवाशांच्या देखत, मला उचललं.

"मण आन चार शेर," ती म्हणाली. थोडं तोललं. "वर मूठभर."

"यंत्र चाळीस म्हणतंय, मावशी!" मी हवेतूनच रडत म्हणाले.

"त्याला हात हायेत का?"

आत्यानं गाडीत बसल्या बसल्या पाकीट काढलं. सदतीस आणि थोडं, अधिक चार शेरांचे पावणेचार किलो. एक्केचाळीस आणि केसभर. तिनं ते पुन्हा पुन्हा मांडलं, कामशेत गेलं, वडगाव गेलं, तरी मांडतच होती. मला म्हणाली, "यंत्र की ठकू, मला ठरवता येत नाही गं." आत्याला एखादी गोष्ट ठरवता येत नाही, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

घरी आल्यावर मैत्रिणींनी सल्ला दिला, तपासणीच्या आधी डझनभर केळी खा, तांब्याभर पाणी पी. मला धीर झाला नाही. वाडगाभर नाचणीची पेज खाल्ली आणि गेले. सरकारी काट्याचा दांडा आधी वर टेकला, मग खाली, मग डॉक्टरांनी वजनाचा गोळा बोटानं सारला. सारला, थांबवला, आणखी केसभर पुढं नेला. दांडा मधोमध स्थिर झाला.

"एक्केचाळीस. वर किंचित," डॉक्टर म्हणाले. "कुठलं टॉनिक घेतलंत?"

"घेत होते ते सोडलं," मी म्हणाले, आणि हसू की रडू ते न कळून दोन्ही केलं.

मोठ्या काकूला आम्ही खरं कधीच सांगितलं नाही. तिन्ही चूर्णं आत्यानं एका बरणीत ओतून फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. "चूर्णानं गुण आला हो," काकू सगळ्या पेठेला सांगत सुटली. सांगू दे. पहिल्या पगारात मी काकूसाठी पातळ घेतलं आणि धुतलेल्या तीन बाटल्या, बुचांसकट, त्याच पत्र्याच्या डब्यातून ठकूमावशीला नेऊन दिल्या. तिनं मला उचलायला हात पुढं केले आणि मागं घेतले. "नगं बाई. आता तुला दोन मानसं लागतील."

त्यानंतर पाच-सहा वर्षं गेली असतील. माझं लग्न झालं होतं, नोकरी चालू होती. आबांच्या लेकीचं पत्र आलं की ठकूमावशी तापातून उठली आहे पण अन्न घेत नाही. रजा टाकली आणि दुसऱ्याच दिवशी गाडी पकडली. बोर्डावर मी रोज मुंबई-नागपूर जोडत होते, पण त्या वाडीवर फोन नव्हता, पायीच जावं लागणार होतं.

मावशी अंगणात उन्हात बसली होती. नुसत्या काड्या. शेजारी माझ्या बाटल्यांपैकी दोन, तेलाच्या, आणि तिसरीत कुणीतरी दिलेलं कसलंसं चूर्ण. मी वास घेतला. इतक्या वर्षांत तेवढा शिकले होते. हिरडा! माझा आवाज चढला, "मावशी, हे तुला कुणी दिलं?"

"शेजारनीनं," ती ओशाळून म्हणाली. "मायेनं दिलं गं."

मी बाटली ओतून टाकली आणि मग, का कोण जाणे, खाली वाकून तिला उचललं. माझ्या हातांत ती आलीच नाही म्हणावं इतकी हलकी. तिनं मान मागं करून विचारलं, "किती?"

"मण भरलीस," मी म्हणाले.

"खोटं बोलतीस. तीस शेर बी न्हाई म्या." तिचा हात हातच होता, स्वतःच्या वजनालासुद्धा चुकेना.

ह्या खेपेला मी औषधाचा डबा नेला नव्हता, नाचणीचं पीठ नेलं होतं. आठ दिवस राहिले. पेज, ताक, मग मऊ भात, जसं तिनं मला घातलं तसंच. पहिले दोन दिवस तिनं तोंड वाकडं केलं, तिसऱ्या दिवशी मीठ कमी आहे म्हणून मला झापलं, आणि तेव्हा मला कळलं की आता काळजी नाही. निघायच्या सकाळी ती स्वतःच उभी राहिली आणि हात वर केले. "उचल."

पुण्यात पोहोचले तेव्हा कमलआत्या दारातच वाट बघत होती. पिशवीही खाली ठेवू दिली नाही तिनं. "कशी आहे गं ठकू?"

"तेहतीस शेर," मी म्हणाले. "वर मूठभर."

आत्यानं पेन्सिल मागितली नाही.